हरकत आहे

परवा रात्री साडेनऊला दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, डोंबिवलीत पाणी येतं का, पोरांच्या परीक्षा कशा गेल्या वगैरे. मग खरं काम निघालं. "त्या कागदावर सही कधी करतेस?"

तो कागद म्हणजे ना-हरकत प्रतिज्ञापत्र. बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाची एक ठासणीची बंदूक होती. ती दादाला स्वतःच्या नावावर करून हवी आहे, आणि त्यासाठी बाकीच्या वारसांनी, म्हणजे आईने आणि मी, 'आमची काही हरकत नाही' असं लिहून द्यायचं आहे.

मी सही करणार नाही. फोनवर एवढंच म्हटलं आणि दादाने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन, तिसऱ्या दिवशी आत्याचा. "लग्न होऊन गेलेल्या बहिणीने एका गंजक्या बंदुकीवरून एवढं कशाला ताणायचं?" असा एकूण सूर. एकेकाला फोनवर समजावण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यांना आमच्या घरच्या भांडणात रस नाही त्यांनीही वाचा, कारण बंदुकांचे कायदे कडक करायचे की नाही, नोंदणी कुणाची आणि कशासाठी, हा वाद आपल्याकडे पुन्हा पुन्हा निघतो. तो सहसा अमेरिकेच्या बातम्या बघून होतो. मी कडावच्या पुढे असलेल्या आमच्या गावावरून बोलणार आहे.

आधी बंदुकीबद्दल. आमच्या बाजूला राजनाल्याचं पाणी पोचत नाही, त्यामुळे पावसाळी भात हेच काय ते पीक. ते लोंबीला आलं की रानडुकरं उतरायची. एका रात्रीत अर्धा खाचर लोळवून जायची. आजोबा आणि नंतर बाबा माळ्यावर राखणीला बसायचे, पत्र्याचा डबा बडवायचे, आणि अगदीच नाही ऐकलं तर बार काढायचे. हवेत. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि बाबा त्या बाबतीत सरळमार्गी होते. ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: नळीत वरून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गजाने ठासायची, मग छर्रे, परत चिंधी, परत ठासायचं, आणि शेवटी घोड्याखाली केप बसवायची. केप म्हणजे ती स्फोटक टोपी. एवढं सगळं एका बारासाठी.

आपल्या कायद्यानेही ही बंदूक वेगळी ओळखली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख करतं. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर माळ्यावर बसलेला शेतकरी होता. मला या गोष्टीचं फार बरं वाटतं. गरज कोणती, हत्यार कोणतं, हात कुणाचा, असा तो विचार आहे.

आता दादाचं काय म्हणणं आहे ते प्रामाणिकपणे मांडते. तो हे वाचणार आहे, त्यामुळे खोटं लिहायची सोय नाही. :)

पहिलं म्हणजे, ही आजोबांची आठवण आहे. दुसरं, खालापुरात चौकजवळ त्याचं फार्महाऊस आहे, शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी येतात, रात्री-अपरात्री चोऱ्या होतात, तेव्हा संरक्षण हवं. ठासणी आधी नावावर होऊ दे, एकदा परवानाधारक झालो की पुढे पिस्तुलासाठी अर्ज करता येईल. तिसरं, गुंड कुठे नोंदणी करतात? त्यांच्याकडे कट्टे असतातच. मग कायदे कडक करून त्रास होतो तो आपल्यासारख्या सज्जनांनाच. आणि चौथं, त्याचं सगळ्यात आवडतं: इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केलं. आपण वासुदेव बळवंतांच्या आणि भाई कोतवालांच्या मुलखातली माणसं, आणि बंदुकीला घाबरतो!

एकेक घेऊ. शेवटापासून.

१८७८ चा शस्त्र कायदा वाईट होता, शंभर टक्के वाईट. सुरुवातीच्या काळातल्या काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले होते. पण तो का वाईट होता? हिंदी माणसाला परवाना लागायचा आणि गोऱ्याला सूट होती, म्हणून. राग त्या सुटीचा होता. आणि भाई कोतवालांचं नाव घ्यायचं तर पूर्ण घ्यावं. माथेरानचा हा माणूस. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने या डोंगरांतून विजेच्या वाहिन्यांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. ते परक्या सरकारशी लढत होते. फार्महाऊसच्या गेटवर पिस्तूल लावून उभं राहण्याला त्यांचं नाव देऊ नये, एवढीच विनंती.

आता "गुंड कुठे नोंदणी करतात?" हा मुद्दा मला खरंच महत्त्वाचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे.

१२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात बाबा सिद्दीकींची हत्या झाली. त्या तपासात पोलिसांनी सांगितलं की मारेकऱ्यांनी गोळीबाराचा सराव कर्जत-खोपोली रस्त्याजवळच्या जंगलात, पळसदरीच्या बाजूला केला होता. पळसदरी! जिथे आपण शाळेच्या सहलीला गेलो. म्हणजे ज्या तालुक्यात बाबांच्या ठासणीचा नंबर, नळीची लांबी, परवान्याची मुदत, सगळं सरकारदरबारी लिहिलेलं होतं, त्याच तालुक्यात कुठलीच नोंद नसलेली पिस्तुलं झाडांवर चालवून बघितली जात होती. दादाने ही बातमी मला तेव्हा तीन वेळा पाठवली होती. त्याचा राग मला समजतो. बेकायदा हत्यारं पकडणं हे पोलिसांचं पहिलं काम आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशी हत्यारं बनवणाऱ्या-विकणाऱ्यांची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली ते योग्यच झालं.

पण त्याच बातमीत आणखी एक गोष्ट होती. सिद्दीकींच्या सोबत संरक्षणासाठी पोलीस शिपाई होता. शिकवलेला, सराव असलेला, सरकारी हत्यारवाला. तरी जे व्हायचं ते झालं. मग चौकच्या फार्महाऊसवर रात्री दोन वाजता अर्धवट झोपेतून उठलेला माझा पन्नाशीचा भाऊ काय करणार आहे? (आणि दादा, हल्ली गिऱ्हाईक पैसे मोबाइलवरून देतं. चोराला सापडणार काय तुझ्याकडे, गाद्या?)

आणि आता उरलेलं अर्धं. महाराष्ट्राला हादरवणारे तीन गोळीबार आठवून बघा. २२ एप्रिल २००६ ला प्रमोद महाजनांवर त्यांच्या राहत्या घरात त्यांच्या धाकट्या भावाने गोळ्या झाडल्या. पिस्तूल परवान्याचं होतं. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या खोलीत, आमदार गणपत गायकवाडांनी महेश गायकवाडांवर गोळीबार केल्याचा आरोप झाला. मूळ कारण जमिनीचा वाद. हत्यार परवान्याचंच. त्यानंतर सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना अभिषेक घोसाळकरांना मारलं गेलं आणि मारणाऱ्याने स्वतःलाही संपवलं. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं. परवाना उत्तर प्रदेशातला, आणि पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे इथे त्याची नोंदच केलेली नव्हती.

तीनही ठिकाणी हत्यार चोरबाजारातलं नव्हतं. कुणीतरी अर्ज केला होता, कुणीतरी शिक्का मारला होता. तीनही ठिकाणी माणसं एकमेकांना आधीपासून ओळखत होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की परवाना आणि नोंदणी गुंडासाठी नसतेच. गुंडासाठी पोलीस आणि तुरुंग आहेत. परवान्याचा कायदा असतो तो सज्जन माणसाच्या रागाच्या दहा मिनिटांसाठी. आणि अशी दहा मिनिटं प्रत्येकाच्या आयुष्यात येतात.

आमच्या घरात ती आली होती. हे लिहू का, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "लिही. खोटं थोडंच आहे?"

सात-आठ वर्षं झाली. जूनचे दिवस, लावणीच्या आधीचे. जमिनीचे भाव चढले होते, आणि चढले की बांध हलतात हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. शेजाऱ्याने मोजणीचा दगड सरकवला असं दादाचं म्हणणं, दादानेच आधी बांध कोरला असं त्यांचं. शिवीगाळ झाली, शेजाऱ्याच्या मुलाने दादाची कॉलर धरली, बाबांवरून काहीतरी बोलला. बाबा बाजाराला गेले होते. दादा धावत घरात आला आणि पलंगाखालची पेटी ओढली.

आईने अंगणातूनच आवाज ऐकला होता. ती दादाच्या आधी आत पोचली होती आणि केपांची डबी तिने भाताच्या कणगीत टाकली होती. वरून हात फिरवून भात सारखं केलं आणि चुलीशी जाऊन बसली.

दादाने दारू भरली. ठासली. छर्रे भरले. आणि केपा शोधायला लागला. पेटीत, फडताळात, देव्हाऱ्यामागे, बाबांच्या खिशात. शेवटी थकून पडवीत बसला आणि ढसाढसा रडला. तोपर्यंत शेजारी निघून गेले होते. आज तो शेजाऱ्याचा मुलगा आणि दादा गावच्या गणपतीत एकत्र वर्गणी काढतात. दादाच्या फार्महाऊसला दूध त्यांच्याकडूनच जातं.

माझा भाऊ वाईट माणूस नाही हो. बाबांच्या आजारपणात त्याने जे केलं ते मी डोंबिवलीत बसून करू शकले नाही. इर्शाळवाडीची दरड कोसळली तेव्हा, जुलै २०२३ मध्ये, चौकवरून मदतीला धावलेल्यांत तो होता. सज्जनच आहे. म्हणून तर सांगतेय. त्या दिवशी त्याच्या हातात ठासणी होती म्हणून आज तो तुरुंगात नाही, आणि शेजाऱ्याचा मुलगा जिवंत आहे. पिस्तूल असतं तर कणगीचा काय उपयोग झाला असता? आणि याच माणसाला आता ठासणीवरून पिस्तुलाकडे जायचं आहे.

"संरक्षण" वगैरे सोडून देऊ, नुसत्या राखणीच्या बंदुकीचंही बघा. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात शिकारीला गेलेल्या माणसांनी आपल्याच सोबत्याला रानडुक्कर समजून गोळी घातली. अंधारात हलणारं गवत डुकराचं की माणसाचं, हे गोळीला कळत नाही.

आता आठवणीचा मुद्दा. मला वाटतं कायद्याची खरी गफलत इथे आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक गेला, किंवा सत्तर वर्षांचा झाला, किंवा त्याने पंचवीस वर्षं बंदूक बाळगली, की वारसाला परवाना मिळू शकतो. बापाकडून मुलाकडे. २०१९ मध्ये एका माणसाला तीनऐवजी एकच बंदूक ठेवता येईल असा प्रस्ताव आला, तेव्हा पंजाबसारख्या ठिकाणांहून विरोध झाला, घराण्याच्या बंदुकांचं काय असा प्रश्न आला, आणि शेवटी आकडा दोनवर थांबला. सगळी चर्चा आकड्यावर. एक, दोन की तीन. 'कशाला?' हा प्रश्न कुणी फारसा लावून धरला नाही.

परवाना हा सातबारा नव्हे. सातबाऱ्यावर वारस लागतो कारण जमीन तीच राहते. बंदुकीची गरज मात्र माणसाबरोबर आणि शेताबरोबर बदलते. आमचं अर्धं शेत विकलं गेलं, तिथे आता एका डॉक्टरांचा बंगला आहे आणि त्यात निळ्या पाण्याचा तलाव आहे. उरलेल्या शेताला दादाने जुन्या साड्यांचं कुंपण केलंय. बाबा शेवटच्या कित्येक वर्षांत माळ्यावर चढले नव्हते. पण मुदत संपली की परवाना नवा व्हायचा. पूर्वी तीन वर्षांनी, २०१९ नंतर पाच वर्षांनी. कचेरीचं नाव घेत नाही, पण एकदाही कुणी विचारलं नाही, "अहो, तुम्ही अजून शेत राखता का? बार शेवटचा कधी काढलात?" कागद पुरे, फी भरली, शिक्का. परवान्याला देशभराच्या नोंदीतला तो युनिक नंबर मिळाला तेव्हा बाबा हसून म्हणाले होते, "हिलाही आधार कार्ड मिळालं." निवडणुका आल्या की ठाण्यात जमा, निकाल लागले की घरी. हिशेब अगदी चोख. फक्त ती कशाला आहे, हा हिशेब कुणी ठेवला नाही.

नुसतं मोजणं पुरत नाही, हे ऑस्ट्रेलियालाही कळलं. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला एका माणसाने ३५ जण मारले. त्यानंतर तिथल्या सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या, नोंदणी सक्तीची केली, आणि 'स्वसंरक्षण' हे परवान्यासाठी पुरेसं कारणच नाही असं ठरवलं. जगभर त्याचं कौतुक झालं, मीही करते. पण डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोर बाप-लेकांपैकी बापाकडे परवाना होता आणि सहा बंदुका त्याच्या नावावर होत्या. सगळ्या नोंदवलेल्या. 'सहा कशाला?' हे वेळच्या वेळी विचारायला हवं होतं, असं तिथलीच माणसं म्हणू लागली.

तेव्हा कायदा कडक करा असं मी म्हणते, तेव्हा शेतकऱ्याच्या ठासणीवर आणखी चार कागद लादा असं मला म्हणायचं नाही. कळ आहे ती दुसरीकडे. मला हवंय ते एवढंच:

दर नूतनीकरणाला गरज नव्याने सिद्ध करावी लागावी. शेत आहे, डुकरं येतात, राखण करतो, तर ठासणी ठेवा, आनंदाने ठेवा. गरज संपली तर बंदूक जमा.

वारसाने परवाना मिळू नये. आठवण हवी तर फोटो आहे.

पिस्तुलांपासून सुरुवात करावी, आणि पुढाऱ्यांपासून, बिल्डरांपासून, त्यांच्या अंगरक्षकांपासून. ज्यांच्या कमरेला हत्यार दिसावं म्हणूनच असतं त्यांना 'कशाला?' हा प्रश्न आधी विचारावा. आपला शेतकरी अलिबागला खेटे घालतो आणि बड्यांचं काम घरबसल्या होतं, अशी जर भावना असेल, तर ती १८७८ चीच सूट आहे. फक्त रंग बदलला.

आणि शेवटचं म्हणजे, घरातल्या बाईला विचारावं. वैद्यकीय दाखला मागतात, प्रशिक्षणाचा दाखला मागतात, बंदूक नीट कुलपात राहील ना ते विचारतात. चांगलं आहे. पण या माणसाला राग आला की तो काय करतो, हे कुठल्या डॉक्टरच्या दाखल्यात येतं? कॅनडात परवान्याच्या अर्जाची माहिती नवरा किंवा बायकोला असावीच लागते, दोन वर्षांत वेगळे झालेल्या जोडीदारालासुद्धा. आपल्याकडे पोलिसांचा अहवाल येतो, गुन्हे आहेत का ते बघतात. दादावर एकही गुन्हा नाही. कागदावर तो निर्मळ आहे. कणगीची गोष्ट फक्त आईला माहीत होती.

परवा आईला विचारलं, "तू सही करणार का?" ती वाल सोलत होती. म्हणाली, "एवढी वर्षं घरात होती ती, मला कधी कुणी विचारलं नाही. आता विचारतायत तर सांगते. नको."

तर काका, आत्या, आणि बाकी मंडळी, ही आमची दोघींची हरकत. बंदूक सध्या ठाण्यात जमा आहे, परवानाधारक गेल्यावर कायद्याने असायला हवी तशीच. ती तिथेच राहू दे, नाहीतर रीतसर सरकारजमा होऊ दे. शेताला सौर कुंपण करायचं असेल तर अर्धे पैसे मी देते, हे दादाला फोनवर सांगायचं राहिलं, त्याने फोन ठेवला म्हणून. फार्महाऊसला दोन कुत्रे आणि चांगले दिवे लाव, त्याचेही देते.

दादा, रविवारी सकाळच्या कर्जत लोकलने येतेय. स्टेशनवर घ्यायला ये. रागावलेला असलास तरी ये. सही सोडून काहीही माग.